दहा वर्षांची वॉरंटी आणि आईच्या केसातला आकडा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू दोघांचा आहे. एक शहरातली वॉटरप्रूफिंग कंपनी आणि दुसरा आमच्या पंचक्रोशीतला मिस्त्री. नावं दोघांचीही लिहिणार नाही. कंपनीचं लिहिलं तर भांडण, आणि मिस्त्रीचं लिहिलं तर पुढच्या जानेवारीत तो मला मिळायचा नाही. कंपनीला पाचातले दोन तारे, मिस्त्रीला चार. त्याचा एक तारा का कापला तेही सांगते, पण सावकाश.

घर देवरुखपासून आत, संगमेश्वर तालुक्यात. आजोबांनी १९३४ साली बांधलेलं. जांभ्याच्या चिऱ्याच्या दीड हात जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी. १९९१ साली वडिलांनी मागच्या अंगाला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर स्लॅबचं काढलं, बारा बाय अठरा फुटांचं. १९९८ साली पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, शेण सारवायचा कंटाळा म्हणून सिमेंटचा कोबा घातला. तेव्हा गावात सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मीही केलं होतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या बचतीतले पैसे त्या कोब्यात आहेत.

मी डोंबिवलीत असते, बँकेतून निवृत्त झाले. दादा पुण्याला. आई ८१ वर्षांची, गावीच असते आणि तिथून हलायला तयार नाही. त्यामुळे घर गळतंय म्हणजे आई भिजतेय, एवढं साधं गणित.

गळती आधीही होतीच, पण १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं तेव्हा आमच्या पश्चिमेच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या त्या उताराची, कौलं सरकली. शेजारच्या काकांनी दोन पोरं चढवून घाईघाईत ती लावली. मग तो जुलै आला, ज्या जुलैत २२ तारखेला चिपळूण बुडालं. आमच्याकडे पूर नाही, आम्ही उंचावर. पण माजघरात सात भांडी मांडलेली होती. आईला फोन केला की मागून टप्‌ टप्‌ ऐकू यायचं. कुठला टोप आहे आणि कुठलं पातेलं, हे मला आवाजावरून कळायला लागलं होतं.

दादाने नेटवर शोधून मे २०२२ मध्ये कंपनी बोलावली. आता त्यांचे दोन तारे कशाचे ते सांगते. सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळी आले. तीन माणसं, एक टेम्पो. सामान झाकलं, फरशीवर प्लास्टिक अंथरलं, जाताना झाडून गेले. छापील कोटेशन, छापील बिल, ९२,००० रुपये, दहा वर्षांची वॉरंटी, तीही गुळगुळीत कागदावर. आजच्या काळात एवढं कोण करतं?

काम मात्र असं. पश्चिमेची भिंत प्रेशरच्या पाण्याने धुतली. शेवाळ गेलं, भिंत लख्ख झाली. मग दोन दिवस थांबून त्यावर बाहेरून रबरासारखं ताणणारं कोटिंग, दोन हात. आतून माजघराच्या भिंतीला कसलासा प्रायमर आणि वर चकचकीत रंग. स्लॅबवर जाळी टाकून तसंच कोटिंग. जिथे कौलांचं पाखं स्लॅबच्या भिंतीला येऊन टेकतं तिथल्या फटीत सिलिकॉन. कौलांना हात लावला नाही. ‘ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही.’

आई ओटीवर बसून बघत होती. संध्याकाळी म्हणाली, “भिंतीला आंघोळ घातली आणि अंग न पुसताच रेनकोट चढवला.” आम्ही दोघं हसलो. सिव्हिल इंजिनियर दादा आहे, आई सातवी पास.

जुलैत माजघराच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर फुगे आले. पहिल्यांदा लिंबाएवढे, मग पुरीएवढे. चकचकीत रंगाचे, टम्म. मी तेव्हा गावी होते. आईने एका फुग्यावर बोट दाबलं, तो पाण्याच्या पिशवीसारखा हलला. मग तिने अंबाड्यातला आकडा काढला आणि खालून टोचला. अगदी बारीक धार लागली. गढूळ, जांभ्याच्या रंगाचं, शिळ्या माठासारखा वास येणारं पाणी, दोन-तीन चमचे तरी असेल, भिंतीवरून ओघळत जमिनीवर आलं. आईने आकडा पदराला पुसून परत अंबाड्यात खोचला. “दहा वर्षांची ना?” एवढंच म्हणाली.

चिरा हा छिद्राछिद्राचा दगड. खाणीतून काढताना इतका मऊ की कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की कडक होतो. ब्युकॅनन नावाच्या इंग्रजांच्या सर्वेक्षकाने केरळात अंगडीपुरमला तो पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं, म्हणजे त्यालाही तो दगड कमी आणि वीट जास्त वाटला असावा. असा दगड पावसात पाणी पिणारच. प्रश्न ते पाणी पुन्हा बाहेर कसं जातं हा आहे. आजोबांच्या भिंतीला चुना होता. पावसात भिंत ओली व्हायची, दसऱ्यानंतर ऊन-वाऱ्याने वाळायची. सिमेंटने ते वाळणं निम्मं बंद केलं, रबराच्या कोटिंगने पूर्ण. मग पाणी जाणार कुठे? आत, माजघरात.

वॉरंटीचं म्हणाल तर कंपनीचा माणूस सप्टेंबरमध्ये आला. सभ्य मुलगा. भिंतीला दोन सुयांचं मीटर लावलं, आकडा दाखवला आणि म्हणाला, ही जमिनीतून वर चढणारी ओल आहे, ती वॉरंटीत येत नाही. कागद उलटा करून बघितला तर खरंच तसं लिहिलेलं, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यावर भोकं पाडून केमिकल भरायचा उपाय होता, पैसे वेगळे. मला त्या मुलाचा राग नाही आला. त्याचं कोटिंग वाईटही नसेल. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगच्या काँक्रीटच्या भिंतीला तसलंच काहीतरी लावलंय आणि ते चांगलं टिकलंय. पण चिऱ्याच्या घराकडे बघताना त्याने ते कशाचं आहे हेच विचारलं नव्हतं.

२०२३ चा पावसाळा त्याहून वाईट गेला. भिंतीला लोणा धरला, पांढरी पिठी आणि पापुद्रे. स्लॅबवरचं कोटिंग मधोमध सुटलं, कारण तिथे कायम घोटाभर पाणी साठायचं. सिलिकॉन तर पहिल्याच उन्हाळ्यात चिकटपट्टीसारखं निघून आलं होतं.

मिस्त्री शेजारच्या काकांनी सुचवला. डिसेंबरात आला, बाराच्या सुमाराला. भाव विचारला तर म्हणाला, “आधी बघूद्या तर ताई.” चहा नको म्हणाला. घरातले सगळे दिवे बंद करायला लावले, खिडक्या लावायला लावल्या आणि खडू घेऊन माळ्यावर चढला. मला वाटलं दहा मिनिटांत उतरेल. पाऊण तास झाला तरी माणूस वरच. मग मीही शिडी लावून गेले.

अंधारात कौलांच्या फटींतून उजेड येत होता, सगळीकडे. मी म्हटलं, अरे देवा, हे तर चाळण झालंय. तो म्हणाला, “नाय ताई. ही बघा, हा उजेड खालनं वर येतो, अंगणातला. इथनं पाणी येणार नाय, पाणी काय वर चढत नाय. आणि हा बघा.” वाशावर रुपयाएवढा गोल कवडसा पडला होता. “हा वरनं आला. सूर्य दिसतो तिथनं पाऊस दिसतो.” प्रत्येक कवडशाशेजारी त्याने वाशावर खडूने फुली मारली होती. एकोणतीस फुल्या. मग अर्धा तास थांबून, ऊन जरा कललं की आणखी सहा. पस्तीस. आमच्या घराची गळती माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा कोणी मोजली.

नंतर त्याने आईकडे कपड्याची नीळ मागितली. बादलीत कालवून, पाखं आणि स्लॅबची भिंत जिथे मिळतात तिथे तांब्या तांब्या ओतली आणि मला आत उभं केलं. निळा डाग उमटला तो तिथून जवळजवळ सात फुटांवर, माजघराच्या मधल्या तुळईखाली, जिथे दोन वर्षं आमचं सर्वांत मोठं पातेलं होतं. पाणी वाशावरून घरंगळत जाऊन तिथे टपकत होतं. आम्ही त्या डोक्यावरची कौलं तीनदा बदलली होती.

आता काम. सगळं सांगत बसत नाही, जे पैसे देणाऱ्याला कळायला हवं ते सांगते.

कौलांच्या बाबतीत माझी चूक आधी. मी उत्साहाने तालुक्याच्या दुकानातून दोनशे नवी कौलं आणून ठेवली होती, ४५ रुपये नग. मिस्त्रीने त्यातलं एक उचललं, आमच्या जुन्या कौलाशेजारी ठेवलं आणि परत खाली ठेवलं. खाचा जुळत नव्हत्या. मंगलोरी म्हणजे एक माप असं मला वाटायचं. पण १८६० च्या दशकात बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यापासून किती तरी कारखाने झाले, आणि प्रत्येकाचा साचा केसभर वेगळा. हे केसभर पावसात दिसतं. एका पाख्यावर दोन जातींची कौलं मिसळली की बसतच नाहीत. दुकानदाराने निम्मी परत घेतली, तीही तोंड वाकडं करून. उरलेली मांगरावर, म्हणजे शेतीच्या सामानाच्या खोपटावर, गेली. मिस्त्रीने लांज्याकडे पाडलेल्या एका घराची जुनी कौलं आणली, पाठीवर तोच शिक्का असलेली. प्रत्येकावर टिचकी मारून बघायचा. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला.

वासे सगळे शाबूत निघाले, सागाचे आहेत. रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या, मात्र पश्चिमेकडच्या निम्म्या कुजलेल्या. त्या बदलल्या, पाखं वळचणीला दीड फूट पुढे काढलं, आणि कडेच्या दोन ओळींची कौलं तारेने रिपांना बांधली. वाऱ्याने उडतात ती आधी कडेचीच. दीड फुटाने काय होणार असं दादा फोनवर म्हणाला. पण झड नैऋत्येकडून तिरकी येते. आईला हे माहीत होतं. तिच्या सासऱ्यांच्या वेळी मिरगाच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे ती दसऱ्यालाच सुटायची. ती भिंत पावसात कधी उघडी नव्हतीच. झापं विणणारे गेले, मग काही वर्षं निळी ताडपत्री, मग तीही नाही.

ज्या सांध्यात नीळ ओतली होती तो मला सर्वांत आवडलेला भाग. लाकूड-कौलाचं पाखं उन्हापावसात हलतं, फुगतं, आटतं. स्लॅबची भिंत हलत नाही. त्या दोघांमध्ये सिमेंट भरा की सिलिकॉन, दर वर्षी तडकणारच. मिस्त्रीने भरलं काहीच नाही. भिंतीत ग्राइंडरने आडवी खाच पाडली, त्यात जस्ताच्या पत्र्याची कड घुसवून वरून बुजवली आणि पत्रा खाली कौलांवर नुसता ओणवा सोडला, वीतभर. वरून आलेलं पाणी पत्र्यावरून कौलांवर, कौलांवरून पन्हळीत. खाली पाखं हलायचं तेवढं हलू दे. दिसायला काहीच नाही. साडेतीन हजारांत झालं. या एका सांध्यापायी आम्ही किती टोप वाजवले!

स्लॅबला मात्र त्याने सिमेंटच वापरलं, आणि केमिकलसुद्धा. तो चुन्याचा भक्त वगैरे नाही. आधी खालून हातोडीने ठोकत गेला, एका कोपऱ्यात पोकळ आवाज आला तिथलं प्लास्टर फोडलं. आतले गज गंजून सोललेले. म्हणाला, “ह्याच्यावर कोबा टाकला तर कोबा ऱ्हाईल, स्लॅब ऱ्हाणार नाय.” हिशोब असा की चार इंच विटांचा कोबा म्हणजे चौरस फुटाला अठरा-वीस किलो, आमच्या २१६ चौरस फुटांवर चार टनांचा बोजा. गज तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, लॅटेक्स घातलेल्या मसाल्याने बुजवले. मगच वर विटांचे तुकडे, तेही आदल्या दिवशी भिजत घातलेले, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते. बारा फुटांत दीड इंच उतार. कठड्याच्या बुडाशी सगळीकडे गोल वाटा, म्हणजे कोपरा म्हणून उरतच नाही.

मग आउटलेट मातीने बंद करून तीन इंच पाणी भरलं आणि कठड्यावर खडूची रेघ. शेजारी पाण्याने भरलेली एक बादली, तिच्या आतही रेघ. तीन दिवसांनी स्लॅबवरचं पाणी बोटभर उतरलं होतं. माझ्या पोटात गोळा. तो बादलीकडे बोट दाखवून म्हणाला, बघा. बादलीतलंही बोटभरच उतरलं होतं. उन्हाने नेलं. स्लॅबने प्यायलं असतं तर बादलीपेक्षा जास्त उतरलं असतं. कोणाकडूनही स्लॅब करून घ्या, पण पैसे द्यायच्या आधी ही बादली ठेवा.

भिंतीचं काम सगळ्यात रटाळ. कोटिंग सोलायलाच दोन माणसांना पाच दिवस. मग १९९८ चं सिमेंट खरवडलं. खालचा चिरा इतका ओला होता की मार्च उजाडेपर्यंत तसाच उघडा ठेवला, वाळत. गावातले येता-जाता विचारायचे, पैसे संपले काय? मधे त्याने भिंतीला प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावला. एक दिवसाने आतल्या बाजूला दव. म्हणजे भिंत अजून पाणी सोडतेय. आठ दिवसांनी पुन्हा लावला, पुन्हा दव. तिसऱ्या वेळी कोरडा निघाला तेव्हा चुना लावायला घेतला.

चुना जानेवारीतच हौदात विरवून ठेवला होता. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो अक्षरशः उकळतो. आईने मला लांब उभं राहायला लावलं, पन्नाशी उलटलेल्या मला. पहिला थर चुना, वाळू आणि सुरखीचा. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, ती घातली की चुना ओलीतही धरतो. पाण्यात थोडा गूळ आणि हिरड्याचा काढा. मुंग्यांनी भिंतीवर दोन दिवस यात्रा भरवली होती. दुसरा थर बारीक, वर चुन्याचे तीन हात, शेवटच्यात थोडं जवसाचं तेल. हा मिस्त्री एका देवळाच्या जीर्णोद्धारात हे शिकला, नाहीतर आमच्याकडे चुन्यात हात घालणारे आता शोधावे लागतात. भिंतीवर रोज दोनदा पाणी मारायचं काम आईने स्वतःकडे घेतलं.

शेवटी खळं. मी आधी नाहीच म्हटलं. माझे पैसे आहेत त्यात! पण त्याने मला लेव्हल बघायची पाण्याची नळी धरून दाखवलं. दर थोड्या वर्षांनी वर थर चढत चढत कोबा जोत्याच्या डोक्याशी आला होता आणि उतार भिंतीकडे. वर पागोळ्यांचं पाणी त्या कडक सिमेंटवर आपटून दोन फूट उडायचं, थेट भिंतीच्या बुडावर. माजघरातले फुगे गुडघ्याएवढ्या उंचीवर का होते, ते तेव्हा कळलं. मातीचं, सारवलेलं खळं ते पाणी झेलत होतं. भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी फोडली, चर खणून खडी भरली, वळचणीला पन्हळ लावून पाणी मागच्या माडाकडे नेलं.

खर्च असा: कौलं आणि लाकूड, तो सांधा धरून, ६२,०००, कोबा १५० रुपये फुटाने ३२,४००, चुना ११० ने ३८० फुटांचे ४१,८००, पन्हळ आणि चर १४,५००. एकूण १,५०,७००. कंपनीचे ९२,००० वेगळे, ते गेलेच. माझी फुकट गेलेली कौलंही.

एक तारा कापला तो यासाठी. बिल नाही, कागद नाही. हिशोब शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर, त्यातलं निम्मं त्यालाच वाचता येतं. शिमग्याला जो गेला तो तेरा दिवस उगवला नाही, आणि पाखं उघडं. नशिबाने अवकाळी आला नाही. फोन जूनपासून बंद, कारण जूनमध्ये सगळा तालुका त्यालाच शोधत असतो. फोडलेल्या सिमेंटचा ढीग वर्षभर फणसाखाली पडून होता, शेवटी मी ट्रॉली सांगून उचलला. आणि ‘आठ दिवसांत होतं’ हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं की दीड महिना धरायचा.

दोन पावसाळे झाले. २०२४ ला आई रोज फोनवर “काय नाही” म्हणायची, मला खरं वाटेना म्हणून गणपतीला जाऊन स्वतः माळ्यावर चढले. वाशांवर खडूच्या फुल्या तशाच आहेत, कोरड्या. २०२५ ला पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला, कोणाचीच शाकारणी झालेली नव्हती, शेजारीपाजारी ताडपत्र्यांसाठी धावत होते. आमच्याकडे एक थेंब पडला तो आढ्याजवळ, आणि त्याचं कारण माकडं. फणसाच्या दिवसांत टोळी येते, छपरावरून उड्या मारते, आणि एक कौल फुटतंच. यावर मिस्त्रीकडेही उपाय नाही. पंधरा जुनी कौलं मांगरात जपून ठेवलीत, शिक्केवाली, आणि काकांच्या नातवाला ती बसवायला शिकवलंय.

गावात निम्म्या घरांवर आता रंगीत पत्रे आलेत. आम्हालाही तेच सुचवलं होतं, एकदाच घाला आणि विसरा. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत, माकडांनी सतावलेला माणूस दुसरं काय करणार? पण पत्र्याखाली पावसात फोनवर आईचं बोलणं मला ऐकू आलं नसतं.

न्हाणीघराच्या उत्तरेच्या भिंतीला अजून ओल आहे, ताटाएवढी. तिथे चुना लागलेला नाही, ती १९९१ ची विटांची भिंत, आणि आतली पाण्याची पाइप झिरपतेय असा मिस्त्रीचा संशय आहे. जानेवारीत बघू म्हणालाय. म्हणजे फेब्रुवारी.